ताई, दुखणं इंग्रजीत कशाला सांगितलंस?

ताई, काल तुझी शोकसभा मी अर्ध्यात टाकून आले. दाराशी चपला शोधत होते, तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सख्ख्या बहीण आहेत, फार मनाला लागलंय त्यांच्या." मनाला कसलं लागतंय! डोकं फिरलं होतं माझं. अजून फिरलेलंच आहे. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले, म्हटलं आता तरी निवेल. कुठलं काय. म्हणून लिहायला बसलेय. तू वाचणार नाहीस, कळतं मला. पण जिवंत होतीस तेव्हा तरी माझं कुठे ऐकलंस?

सभा तुमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये होती, मानपाडा रोडला. चष्मा डोक्यावर सरकवलेला तुझा तो फोटो, त्याला मोगऱ्याचा हार, आणि एकेक विद्यार्थी उठून माइकसमोर. सगळे इंग्रजीत. "शी वॉज काइंड टू एव्हरीवन." "शी वॉज पेशंट विथ अस." "शी वॉज डिव्होटेड टू हर वर्क." टू, विथ, टू. एकाचंही चुकलं नाही. तळमजल्यावरचे सेक्रेटरी काका तेवढे म्हणाले, "शी वॉज व्हेरी गुड इन इंग्लिश," तर पुढच्या दोन रांगा वळून त्यांच्याकडे अशा बघायला लागल्या, की बिचारे घाम पुसत खालीच बसले. "गुड ॲट" हवं होतं, एवढं मलाही कळतं आता. फक्त एका मुलीने सांगितलं की मॅडम काळ्या पडलेल्या केळ्यांच्या फॉन्ड ऑफ होत्या, आणि त्यावर मला रडू फुटलं. कारण ते खरं होतं. तूच बाजारातून पिवळीधमक केळी आणायचीस आणि काळी पडेपर्यंत मला हात लावू द्यायची नाहीस.

मग तुझ्या म्हात्रेबाईंनी माइक माझ्यापुढे धरला. पन्नाशीत पाटी-पेन्सिल घेतल्यासारख्या तुझ्याकडे इंग्रजी शिकायला आलेल्या त्या म्हात्रेबाई, मानपाड्याच्या. "बाई, तुमी पन दोन शब्द बोला." मी म्हटलं, "माझी बहीण हट्टी होती. हट्टापायी गेली. बाकी तुम्ही सगळे म्हणताय ते खरं आहे." आणि निघाले. लोक म्हणत असतील, कळव्याची ही बहीण मराठीची शिक्षिका ना, आयुष्यभर शाळेत निबंध शिकवले, आणि बहिणीवर धड चार वाक्यं बोलता येईनात. म्हणू देत.

मला राग तुझ्या क्लासचा नव्हता ग. खोटं कशाला बोलू, तुझा क्लास मला आवडायचा. रविवारी मी तुझ्याकडे आले की स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसायचे आणि हॉलमधलं सगळं ऐकू यायचं. भावोजी गेल्यापासून तू हॉलमधला सोफा काढूनच टाकला होतास. सतरंजी, फळा आणि तू. संध्याकाळी आधी पोरं, मग बायका. आणि तुझ्या त्या जोड्या! इंग्रजी विशेषण एकटं राहत नाही, त्याची सोयरीक ठरलेली असते, म्हणायचीस. गुडची ॲटशी. अफ्रेडची ऑफशी. इंटरेस्टेडची इनशी. "मॅरिड विथ" म्हणणाऱ्या बाईला तू फळ्याशी बोलवायचीस आणि सांगायचीस, "अहो, मॅरिड टू. विथ कुणाशीही असता येतं, लग्न एकाशीच." बायका खिदळायच्या. मी आत मेथी निवडता निवडता हसायचे. उगाच का म्हात्रेबाईंसारखी बाई नातवंडं सुनेवर टाकून तुझ्याकडे धावत यायची!

आणि तुझा तो नियम. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. जोडी तू द्यायचीस, पुढची रिकामी जागा ज्याने त्याने आपल्या घरातल्या खऱ्या गोष्टीने भरायची. एका मुलाने म्हटलं, आय ॲम अफ्रेड ऑफ लायन्स. तू फाडकन म्हणालीस, "डोंबिवलीत सिंह कुठे दिसला रे तुला? खरं बोल." मुलगा रडकुंडीला आला. मग म्हणाला, "आय ॲम अफ्रेड ऑफ इंग्लिश." तू टाळी वाजवलीस आणि म्हणालीस की आज या खोलीत पहिलं खरं वाक्य झालं. तो निखिल. तोच निखिल ग, ज्याच्या नावापुढे आता डॉक्टर लागलंय. म्हात्रेबाईंचं पहिलं खरं वाक्य होतं, आय ॲम टायर्ड ऑफ माय जाऊ. तू म्हणालीस, जाऊबाईंना इंग्रजीत शब्द नाही, असू दे, वाक्य बरोबर आहे.

खरं बोल, खरं बोल, म्हणून जगाला धारेवर धरलंस, ताई. स्वतः मात्र नेमक्या वेळी धडधडीत खोटं बोललीस. तेही शुद्ध इंग्रजीत. चीड येते ती याची.

भांडलो तर आपण आयुष्यभर. मी मराठीची, तू इंग्रजीची. माझ्या शाळेतली मराठीची तुकडी दरवर्षी आटत गेली आणि तुझ्या सतरंजीवर जागा पुरेना. "तुझीच पोरं येतात माझ्याकडे, मंगे," असं चिडवायचीस. मी म्हणायचे, कशाला हवं ते तुझं ऑफ आणि ॲट? आम्हाला झुरळाची भीती वाटते, सासूचा कंटाळा येतो, लेकराचं कौतुक वाटतं, काही अडतं का आमचं? तू म्हणायचीस, तुमच्याकडेही जोड्याच आहेत की, भीती झुरळाची वाटते, झुरळावर नाही वाटत. पण एकदा मी चांगलीच तडकले होते. विचारलं होतं, "समजा एखादी म्हणाली गुड इन इंग्लिश, तर जग बुडतं का? कळलं ना समोरच्याला?" तू पोळीवर तूप लावत होतीस. म्हणालीस, "बुडत नाही ग. पण समोरचा मनातल्या मनात हसतो. आपल्या माणसावर कुणी हसू नये, एवढंच बघते मी."

हे ऐकून मी पुढे वाद घातला नाही. कारण ते कुठून आलंय हे मला ठाऊक होतं. तुला आठवतं, मला आठवतं, आता दुसरं कुणी उरलं नाही आठवायला. बाबा कोलशेतच्या कारखान्यात होते आणि त्यांची किडनी बिघडली तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं. तू दहावीत, मी फ्रॉकातली. मोठे डॉक्टर आले, मागे चार शिकाऊ डॉक्टर, आणि बाबांच्या पायाशी उभं राहून इंग्रजीत बोलले. आपल्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आईने तुला कोपराने ढोसलं, "काय म्हणतायत ग?" तुला काही कळलं नव्हतं, फक्त "रिस्पॉन्सिव्ह" आणि "ट्रीटमेंट" एवढं पकडलं होतंस. तू म्हणालीस, ट्रीटमेंटला रिस्पॉन्स आहे म्हणतायत बहुतेक. आईने कळव्याला परत येऊन शिरा केला आणि चाळीत वाटला. त्या वाक्यात एक "नॉट"ही होता, तो आपल्याला ऐकूच आला नव्हता. बाबा गेले. आईला त्या शिऱ्याची लाज मरेपर्यंत वाटत राहिली.

तू शब्दकोश आणलास तो त्यानंतर. आपल्या डोक्यावरून कुणी काही बोलून जायचं नाही, असं म्हणून तू ती भाषा शिकलीस. डॉक्टरच्या तोंडून निघालेलं आपल्याला कळावं, आणि आपलं दुखणं त्याला सांगता यावं, म्हणून शिकलीस ना? मग ग? तेवढी वेळ आली तेव्हा काय धाड भरली होती?

थांब, आधी एक देणं फेडते. माझ्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी फर्मान काढलं की सभेत सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं. मी तब्येतीची कारणं सांगून सभा चुकवायला लागले. घरी रडायचे. तू कळव्याला आलीस, पदर खोचून माझ्यासमोर बसलीस आणि एकच वाक्य घोटून घेतलंस. आय ॲम नॉट अशेम्ड ऑफ माय मराठी. आठवडाभर, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, तेच एक वाक्य. सभेत मी उभी राहिले आणि ते म्हटलं आणि पुढचं सगळं मराठीत बोलले. तुला फोन केला तर तुझा पहिला प्रश्न, "ऑफ म्हणालीस ना?" मी म्हटलं हो. तू इतकी खूश झालीस, की संध्याकाळी क्लासला पेढे वाटलेस. माझी पाठ अशी कुणी राखली नाही, ताई. नवऱ्यानेही नाही. म्हणून तर हा राग इतका आहे. परक्या माणसाचा राग कधीच निवून गेला असता.

आता ऐक. पोटात दुखतंय हे तू मला कित्येक आठवडे सांगितलं नाहीस. मी रविवारी येऊन राहिले आणि पहाटे बघते तर तू बाथरूमच्या दाराला धरून वाकलेली, चेहरा पांढराफटक, उजव्या कुशीवर हात दाबलेला. "ॲसिडिटी आहे ग, झोप तू." अंग तापलेलं. मी ओढत तुला ठाण्याला न्यायचं ठरवलं, तर म्हणालीस, जायचं तर निखिलकडेच, आपला मुलगा आहे. मला वाटलं बरं झालं, आपला मुलगा आहे, नीट बघेल. आणि निघायच्या आधी तू काय केलंस? तापाची गोळी घेतलीस. भांडीवाली यायच्या आधी आपणच भांडी विसळून ठेवतो ना, तशी. वर ती इस्त्रीची निळी साडी. पोटात वणवा पेटलाय आणि ही निऱ्या मोजतेय.

निखिलची केबिन काचेची, थंडगार. तुला बघून तो उठून उभा राहिला. "मॅडम! व्हॉट अ प्लेझर!" आणि तू फुललीस. बघत होते मी. पेशंट म्हणून गेलेली बाई दारातच मॅडम झाली. त्याने इंग्रजीत विचारलं, तू इंग्रजीत सांगितलंस. दोघंही डोंबिवलीचे, दोघंही घरी वरणभात खाणारे, आणि काय ते बोलणं! तू म्हणालीस, आय ॲम प्रोन टू ॲसिडिटी. स्वतःचा आजारही स्वतःच ठरवून दिलास त्याला. मग म्हणालीस, जेवणानंतर स्लाइटली अनकम्फर्टेबल वाटतं. नॉट व्हेरी कीन ऑन फूड. स्लाइटली! रात्रभर उशी चावत होतीस तू. त्याने पलंगावर झोपवून पोट दाबलं, "इज इट पेनफुल, मॅडम?" तू छताकडे बघत म्हणालीस, "अ लिटल." तो तुझा चेहरा बघत होता. मी तुझ्या पायाशी उभी होते आणि मला तुझ्या पायांची बोटं दिसत होती. ती अशी आत वळली होती, की पांढरी पडली होती.

मग माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे निखिल, हिचं ऐकू नकोस. रात्रभर कळवळत होती ही. ताप होता अंगात, आत्ता गोळी घेऊन आलीय. उभं राहता येत नव्हतं हिला."

त्याने तुझ्याकडे पाहिलं. आणि तू उठून बसलीस, पदर सारखा केलास आणि हसून म्हणालीस, "डोन्ट माइंड हर, निखिल. माय सिस्टर इज व्हेरी गुड ॲट एग्झॅजरेशन."

तोही हसला. तुम्ही दोघं हसलात, ताई.

माझी बहीण अतिशयोक्तीत पटाईत आहे. मराठीची ना, तिला अलंकार लागतात. सगळं बरोबर होतं त्या वाक्यात, जोडीसुद्धा. तुझ्या वर्गात म्हटलं असतं तर मीही हसले असते. तिथे माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. मी अंगावर कपडे नसताना उभी आहे असं वाटलं. आपल्या माणसावर कुणी हसू नये म्हणणारी तू. निखिलने ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या आणि सोनोग्राफी करून घ्या म्हणाला, ॲट युअर कन्व्हीनियन्स. सवडीने. तू म्हणालीस, बारावीच्या पोरांची प्रीलिम होऊ दे, मग करते. तो म्हणाला, शुअर, मॅडम. दारापर्यंत सोडायला आला आणि वाकून पाया पडला. तुला वाकवेना, म्हणून तू नुसता हात वर केलास.

खाली रिक्षा मिळेपर्यंत आपण भर रस्त्यात भांडलो. "त्या पोरासमोर मला खोटी पाडलीस तू!" "खोटी नाही ग, वातावरण जरा हलकं केलं." "अगं, डॉक्टरच्या खोलीत वातावरण कशाला हलकं करायचं? तू काय वाढदिवसाला गेली होतीस?" तू म्हणालीस, "मंगे, विद्यार्थी आहे तो माझा. त्याच्यासमोर काय गडाबडा लोळू?" मी ओरडलेच, "लोळ! डॉक्टरसमोर नाही तर कुणासमोर लोळतात?" रिक्षावाला काच खाली केल्यासारखा तोंड बाहेर काढून बघायला लागला. तुझं म्हणणं, मी मराठीत ओरडून तुझी शोभा केली. माझं म्हणणं, तुझी शोभा गेली चुलीत. मी म्हटलं, मी तुझ्यावर भयंकर रागावलेय. तर त्या अवस्थेतही तू काय म्हणालीस? "माणसावर रागावलं तर अँग्री विथ. गोष्टीवर असेल तर अबाउट." मी म्हटलं, विथ म्हणजे सोबत ना? मग रागावलेल्या माणसासोबत कसं राहायचं? तू म्हणालीस, "रागावलं तरी सोबतच असतो की आपण. बस रिक्षात." आणि पूर्ण रस्ताभर माझा हात धरून बसलीस. मला वाटलं, माया आलीय. आता वाटतं, रिक्षाचे धक्के सोसत नव्हते तुला.

मी फुरंगटून कळव्याला निघून आले. तू रोज फोन करायचीस आणि म्हणायचीस, गोळ्यांनी बरं आहे. आय ॲम फाइन. मी म्हणायचे, मराठीत सांग. तू म्हणायचीस, "बरी आहे ग बाई." मराठीतही खोटंच.

म्हात्रेबाईंचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. "बाई, लवकर या, मॅडम खुर्चीवरनं उठंनात." तू क्लास घेत होतीस. हातात खडू होता, म्हणे. पोरं समजली, मॅडम विचार करतायत. म्हात्रेबाईंनी कपाळाला हात लावला तर चटका बसला. जवळच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, मराठीत सांगितलं, पित्ताशय आतल्या आत सडून फुटलंय, विष रक्तात गेलंय, इतके दिवस या उभ्या कशा होत्या? मी काय सांगणार? इंग्रजीच्या जोरावर उभ्या होत्या, असं सांगू?

आज सकाळी निखिल आला होता. मी तुझ्या घरी एकटीच सतरंज्या गुंडाळत होते. दारात उभा राहिला, हातात कसलीशी फुलं, आणि म्हणाला, "आंटी, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी फॉर…"

"मराठीत बोल," मी म्हटलं.

तो थांबला. एवढा मोठा डॉक्टर, पण त्याला शब्द सापडेनात. बघवत नव्हतं, तरी मी मदत केली नाही. मग म्हणाला, "मावशी, त्या थोडंसं म्हणाल्या. मी दाबलं तेव्हा चेहरा हलला नाही त्यांचा."

"आणि मी सांगत होते ते?"

"मॅडम हसल्या ना. म्हणून मी…"

"तू पेशंट तपासत होतास की मॅडम? परत एकदा विचारता आलं नाही तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडमना दोनदा विचारायची सवयच नाही हो आम्हाला. दोनदा विचारलं की म्हणायच्या, पहिल्यांदा लक्ष कुठे होतं. त्या म्हणाल्या ॲसिडिटी, तर मला वाटलं… मॅडम चुकीचं वाक्य बोलणारच नाहीत." आणि तिथेच, उंबऱ्याशी बसून हुंदके द्यायला लागला. चाळिशीचा माणूस. मी पाणी दिलं. चहा विचारला नाही. तू असतीस तर पाठीवरून हात फिरवला असतास, मला माहितेय. माझ्याने नाही झालं. मी त्याला क्षमा केलेली नाही आणि तुलाही केलेली नाही. शिकवलं तूच त्याला, तपासून घ्यायला गेलीस तूच, आणि दोघांनी मिळून एकमेकांचा मान राखलात. आजार कुणाचा मान राखतो का ग?

जाताना त्याने विचारलं, "मावशी, शेवटी मॅडम काही बोलल्या का?"

मी म्हटलं, "काही नाही. शुद्धीवर नव्हती." तो गेला.

खोटं सांगितलं मी त्याला. तुझ्याकडूनच शिकले. तू शुद्धीवर होतीस. ऑपरेशनला न्यायच्या आधी, दुपारची वेळ, नर्स येऊन विचारून गेली, "मॅडम, दर्द है क्या?" आणि तू तिलाही म्हणालीस, "अ लिटल." ती मान डोलावून गेली. तिची पाठ वळली आणि तू माझं मनगट धरलंस. अजून वळ आहेत त्याचे. तोंड माझ्या कानाशी आणलंस, आणि लहानपणी कळव्याच्या खोलीत अंधाराला भिऊन बोलायचीस त्या आवाजात म्हणालीस, "मंगे, नाही ग सोसवत. आई ग… कुणाला तरी सांग ना. कुणाला तरी सांग ना ग."

मी धावले, ताई. पदर सुटला तशी धावले. दिसेल त्याला सांगितलं, नर्सला, वॉर्डबॉयला, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी नातेवाइकाला, हात धरधरून सांगितलं, माझ्या बहिणीला फार दुखतंय हो. सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. परत आले तेव्हा तुला आत नेलं होतं, आणि मग तू बाहेर आलीच नाहीस.

कुणाला तरी सांग, म्हणालीस. सांगितलं होतं ना ग मी. सांगितलं तेव्हा तू हसलीस.